एकात एक विथ ब्लॉक लिहिण्याआधीची तयारी

एक्सेलच्या मॅक्रोत विथ ब्लॉक म्हणजे एकाच ऑब्जेक्टचे (शीट, रेंज वगैरे) नाव दर ओळीला न लिहिता नुसत्या डॉटने काम भागवायची सोय. अशा एका विथच्या पोटात दुसरा विथ उघडणार असाल, तर बाहेरच्या ऑब्जेक्टला आधी नाव द्या. म्हणजे शीट एका व्हेरिएबलमध्ये सेट करून ठेवा आणि मगच विथ लिहा. बाकीची तयारी पुढे येतेच, पण ही गोष्ट पहिली. गेल्या वेळी मी नेमकी हीच सोडली होती, आणि नव्या नोंदी शीटच्या तळाशी जाण्याऐवजी जुन्या नोंदींवर लिहिल्या गेल्या. एरर आला नाही, मॅक्रो नीट पूर्ण झाला. मॅक्रोने शीटमध्ये बदल केले की अनडू रिकामे होते, त्यामुळे मागे फिरायचीही सोय नव्हती.

हे कसे घडते ते नीट समजून घ्या, कारण कोड वाचताना ते दिसत नाही. ओळीच्या सुरुवातीचा डॉट फक्त सर्वांत आतल्या विथचा असतो. आतला ब्लॉक सुरू झाला की बाहेरचा ऑब्जेक्ट डॉटने मिळतच नाही, आतला ब्लॉक संपवणारा एंड विथ येईपर्यंत तो झाकलेला राहतो. व्हीबीए, म्हणजे मॅक्रोची भाषा, आत सापडले नाही म्हणून बाहेर शोधायला जात नाही. आता समजा, बाहेर विथ शीट आहे आणि आत विथ डॉट रेंज बी५ ते डी२०. शीर्षके चौथ्या ओळीत, त्यांच्या वर रिकामी ओळ, आणि बी५ ते बी२० भरलेले. आतल्या ब्लॉकमध्ये तुम्ही शेवटची ओळ शोधायची नेहमीची ओळ लिहिता: डॉट सेल्स, कंसात डॉट रोज डॉट काउंट आणि १, पुढे डॉट एंड एक्सएलअप. तुमच्या मनात शीटच्या १०,४८,५७६ ओळी असतात. पण इथे डॉट रेंजचा आहे आणि रेंजला ओळी १६. म्हणून शोध बी२० पासून वर निघतो, भरलेले सेल ओलांडत बी४ च्या शीर्षकापाशी थांबतो, आणि त्यात एक मिळवून ‘पुढची रिकामी ओळ’ म्हणून पाचवी ओळ हाती येते. तीच तुमची पहिली नोंद. ती पुसली जाते.

शीट आणि रेंज या दोघांनाही सेल्स आहे, रोज आहे, कॉलम्स आहे, रेंजसुद्धा आहे. खरा धोका या समान नावांचा. त्याच आतल्या ब्लॉकमध्ये डॉट रेंज ए१ लिहिले तर शीटचा ए१ मिळत नाही, मिळतो बी५, कारण रेंजवरची रेंज तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजली जाते. नाव आतल्या ऑब्जेक्टकडे नसेल तर तुम्ही सुटलात: कंपाइल करताना तरी मॅक्रो अडतो, नाहीतर चालवताना ४३८ नंबरचा एरर येतो. नाव दोघांकडे असेल तर काहीच अडत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, बाहेरच्या ऑब्जेक्टला नाव द्या, आणि आतल्या ब्लॉकमध्ये बाहेरचे काहीही हवे असेल तर त्या नावानेच मागा. शेवटची ओळ तर बाहेरच्या ब्लॉकमध्येच, आतला विथ उघडण्यापूर्वी, काढून लाँग (मोठे पूर्णांक ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवा.

ऑप्शन एक्सप्लिसिट (प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायला लावणारी ओळ) मॉड्यूलच्या डोक्यावर हवेच. ते नसेल आणि फाँटच्या ब्लॉकमध्ये डॉट विसरून नुसते बोल्ड बरोबर ट्रू लिहिले, तर व्हीबीए बोल्ड नावाचा नवा व्हेरिएबल बनवते आणि अक्षरे आहेत तशीच राहतात. पण सगळे विसरलेले डॉट ते पकडेल असे समजू नका. सेल्स, रेंज, रोज ही नावे डॉटशिवायही वैध आहेत. साध्या मॉड्यूलमध्ये ती त्या क्षणी समोर असलेल्या शीटकडे जातात, शीटच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये त्या शीटकडे. डॉट रेंजच्या कंसातले दोन सेल्स हा तर ठरलेला सापळा. रेंजला डॉट दिला, आतल्या दोन्ही सेल्सना दिला नाही, तर योग्य शीट समोर असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. दुसरी शीट समोर असली की १००४ नंबरचा एरर. तपासताना आपण बहुधा योग्य शीटवरच बसलेलो असतो, म्हणून तो सापडत नाही. तपासणी मुद्दाम दुसऱ्या शीटवर उभे राहून करा.

व्हेरिएबल जाहीर करताना ॲज वर्कशीट लिहा, नुसते ऑब्जेक्ट नको. विथ वर्कशीट्स कंसात नाव असे थेट लिहिले तर डॉट टाइप केल्यावर सदस्यांची यादी उघडत नाही, कारण तिथून परत येणारा प्रकार साधा ऑब्जेक्ट असतो. वर्कशीट प्रकाराचा व्हेरिएबल असेल तर यादी उघडते, आणि आतल्या ब्लॉकमध्ये डॉट नेमका कोणाचा आहे हे तिच्यावरून लिहितानाच कळते. यादीत ॲड्रेस आणि ऑफसेट दिसले तर तुम्ही रेंजमध्ये आहात, शीटमध्ये नाही. ती यादी बघायची सवय लावा. नाव देण्याचे आणखी एक कारण: ब्लॉकचा ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रोसिजरला द्यायचा झाला तर नुसता डॉट पाठवता येत नाही. बोलावलेल्या प्रोसिजरमध्ये या विथची ओळखही नसते.

विथच्या ओळीतला ऑब्जेक्ट एकदाच, आत शिरताना ठरतो. वेग मिळतो तो यामुळेच, लांबलचक साखळी दर ओळीला नव्याने सोडवावी लागत नाही. पण याचा अर्थ असाही की विथ डॉट सेल्स कंसात आर, १ लिहून आत आरमध्ये एक मिळवलात तरी डॉट जुन्याच सेलवर राहतो. विथ ॲक्टिव्हशीट लिहून आत दुसरी शीट ॲक्टिव्हेट केलीत तरी डॉट पहिल्याच शीटचा. करंट रीजनवर (सेलभोवतीच्या सलग भरलेल्या भागावर) विथ उघडून त्याखाली ओळी भरल्यात तर डॉट रोज डॉट काउंट जुनाच आकडा सांगतो. व्हेरिएबल आत नथिंग, म्हणजे रिकामा, केला तरी ऑब्जेक्ट सुटत नाही, विथने तो स्वतःकडे धरलेला असतो. बदलणारी गोष्ट विथच्या ओळीत ठेवायचीच असेल तर विथ लूपच्या आत न्या, म्हणजे दर फेरीला ती नव्याने ठरेल.

फाइंडवर थेट विथ उघडू नका. शोधलेले सापडले नाही तर हाती नथिंग येते आणि ९१ नंबरचा एरर. आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, नथिंग नाही ना ते बघा, मग ब्लॉक. गो टू वापरून ब्लॉकच्या आत किंवा बाहेर उडी मारू नका. एंड विथ चुकवला तर धरलेला ऑब्जेक्ट प्रोसिजर संपेपर्यंत अडकून राहतो.

दुसऱ्या भाषेतून येत असाल तर तिथली सवय इथे आणू नका. पास्कल आणि डेल्फीमध्ये विथच्या आत डॉट लागत नाही आणि नाव आतून बाहेर शोधत नेले जाते, त्यामुळे उद्या आतल्या रेकॉर्डमध्ये त्याच नावाचे नवे फील्ड कोणी घातले की जुन्या कोडचा अर्थ गुपचूप बदलतो. जावास्क्रिप्टने २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ पासून स्ट्रिक्ट मोडमध्ये विथ बंदच केले. कोटलिनमध्येही आतून बाहेर शोध चालतो, पण तिथे लेबल लावून बाहेरच्या धिसला (म्हणजे बाहेरच्या ब्लॉकच्या ऑब्जेक्टला) हाक मारता येते. व्हीबीएत विथला असे लेबल लावता येत नाही. इथे तुमचा व्हेरिएबल हेच लेबल, म्हणून तो हवाच.

एकात एक विथची खोली दोनपर्यंत ठेवा. तिसरा विथ लागतोय असे वाटले तर आतला भाग वेगळ्या प्रोसिजरमध्ये काढा. इंडेंट नीट. एंड विथपुढे कोणता ब्लॉक संपला ते टिप्पणीत.

मॅक्रो चालवण्यापूर्वी फाइलची प्रत काढा आणि प्रतीवर चालवा. आतल्या ब्लॉकच्या पहिल्या ओळीत डीबग डॉट प्रिंटने डॉट ॲड्रेस छापा (तो इमिजिएट विंडोत दिसतो), एक्स्टर्नल ट्रू देऊन, म्हणजे वर्कबुक आणि शीटचे नावही दिसेल. एकदा एफ८ने ओळ ओळ जा. मग आतल्या ब्लॉकमधला प्रत्येक डॉट सेल्स, डॉट रेंज, डॉट रोज शोधून काढा आणि दरेकाला विचारा, हा आतल्याचा की बाहेरच्याचा. बाहेरच्याचा असेल तर डॉटच्या आधी शीटच्या व्हेरिएबलचे नाव घाला.