सेफ्टी सगळ्यांची जबाबदारी म्हणतात, पण नाव कुणाचं लिहायचं?

कुठल्याही इंजिनिअरिंग कंपनीत जा, गेटपाशी नाहीतर कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर सेफ्टी पॉलिसी फ्रेम करून लावलेली असते, खाली मोठ्या साहेबांची सही, आणि त्यात एक वाक्य हमखास सापडतं, "सुरक्षितता ही प्रत्येकाची जबाबदारी आहे". वाचायला छान वाटतं पण शॉप फ्लोअरवर त्याचा अर्थ बारभाईचा कारभार असाच होतो.

माझ्या डोळ्यासमोर झालेली गोष्ट सांगतो. मी मेंटेनन्सला होतो तेव्हा एक बेंच ग्राइंडर (फिरत्या दगडी चाकावर धातू घासायचं मशीन) होता, चाक झिजत गेलं तसं टूल रेस्ट (चाकासमोर जॉब टेकवायची पट्टी) आणि चाक यातलं अंतर वाढत वाढत चांगलं बोटभर झालं होतं. ते अंतर ३ मिमीच्या आत पाहिजे आणि वरच्या पट्टीचं ६ मिमीच्या आत, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. ऑपरेटरला वाटायचं मेंटेनन्सवाले करतील, आम्हाला वाटायचं दुरुस्तीची स्लिप आली की करू, सुपरवायझर म्हणायचे माल जाऊ दे मग बघू, आणि सेफ्टी ऑफिसरनी तर ते रिपोर्टमध्ये दोनदा लिहिलं होतं, फोटोसकट. एक दिवस छोटा जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, त्या फटीत अडकला आणि चाक फुटलं. एक तुकडा मागच्या भिंतीचं प्लास्टर उडवून गेला, आमचा हेल्पर त्याच मिनिटाला पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला, नाहीतर त्याचा गॉगल नेहमीसारखा कपाळावरच होता. नंतर चौकशी झाली तेव्हा चारही जण म्हणाले की आम्ही आमचं काम केलं होतं, आणि खरं सांगू का, कागदावर ते बरोबरच होतं!

तर जबाबदारी वाटायची कशी ते त्यानंतर जे शिकलो त्यावरून लिहितोय. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, तो तुमच्या ठिकाणचा नीट वाचा, पण जमिनीवरचं काम सगळीकडे सारखंच असतं.

सगळ्यात आधी मशीनची यादी काढा, क्रेन, कॉम्प्रेसर, सिलेंडर ठेवायची जागा, शिड्या सगळं धरून. प्रत्येकासमोर चार प्रश्न लिहा, रोज कोण बघणार, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, बंद कोण करू शकतो, आणि बंद केल्यावर परत चालू करायची परवानगी कोण देणार. उत्तरात हुद्दा लिहायचा नाही, माणसाचं नाव लिहायचं. "मेंटेनन्स विभाग" हे उत्तर नाहीच. आणि तो रजेवर असेल तर दुसरा कोण ते पण तिथेच लिहायचं, कारण नाईट शिफ्टला आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या माणसाला हीच माहिती नसते. चौथ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी सगळे एकमेकांची तोंडं बघतात, तिथेच खरं भोक असतं.

आता कुणाच्या गळ्यात काय घालायचं. मालक किंवा मॅनेजमेंटकडे तीन गोष्टी, पैसा, माणसं आणि वेळ. गार्ड (मशीनच्या धोक्याच्या भागावरची जाळी किंवा झाकण) बसवायला मशीन दोन तास उभं ठेवावं लागणार असेल तर ते दोन तास प्लॅनिंगमध्ये दिसले पाहिजेत, नाहीतर पॉलिसीवरची सही नुसती शोभेची. आयएसओ ४५००१ हे स्टँडर्ड २०१८ ला आलं त्यातही हेच आहे, वरच्या लोकांनी ही जबाबदारी खाली ढकलून मोकळं व्हायचं नाही आणि कामगारांना विचारून ठरवायचं. सुपरवायझर हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा माणूस, कारण काम कसं होणार ते त्याच्या एका वाक्यावर ठरतं, "जरा सांभाळून कर" म्हणाला की समजायचं गार्ड निघणार. त्याचं वर्षाचं मूल्यमापन फक्त किती माल गेला यावर होत असेल तर त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करणं चुकीचं आहे, त्यात सेफ्टीची कामं वेळेत मिटली का हे पण धरा.

सेफ्टी ऑफिसरबद्दल मोठा गैरसमज आहे. सेफ्टी म्हणजे सेफ्टीवाल्यांचं काम असं सगळे धरून चालतात, पण तो सल्ला देणारा, तपासणारा, शिकवणारा माणूस. प्रेसचा गार्ड घट्ट करायची जबाबदारी प्रेस ज्याच्या ताब्यात त्याची. मात्र धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार त्याला लेखी द्या, आणि एकदा त्याने थांबवलं की प्रॉडक्शनच्या साहेबांनी फोन करून चालू करायला लावायचं नाही, असं एकदा जरी झालं तरी त्या माणसाची किंमत संपली.

कामगाराची जबाबदारी म्हणजे गार्ड काढायचा नाही, दिसलं ते सांगायचं, आणि आपल्यामुळे शेजारच्याला लागणार नाही हे बघायचं. पण त्याला हक्क पण आहे. जीवावर बेतेल असं काम सोडून बाजूला झालेल्या कामगाराला त्यावरून त्रास द्यायचा नाही, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ नंबरच्या करारात आहे, आणि २०२२ मध्ये त्या संघटनेने सुरक्षित कामाची जागा ही मूलभूत हक्कांच्या यादीतच घातली. म्हणजे "नाही करणार" म्हणणारा माणूस उद्धट नसतो, त्याला आधी विचारा काय दिसलं म्हणून.

कॉन्ट्रॅक्टच्या लोकांचं काय? त्यांचा ठेकेदार आहे ना, तो बघेल, असं म्हणून हात झटकू नका. तुमच्या छतावर चढणाऱ्या माणसाला कुठला पत्रा कच्चा आहे हे तुम्हालाच माहीत असतं. त्यामुळे काम सुरू व्हायच्या आधी तुमच्याकडचा एक नाव असलेला माणूस त्यांच्याबरोबर जागेवर जाऊन दाखवणार, मगच परमिटवर, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, सही. ऑफिसात बसून परमिट देणाऱ्याचा पेन काढून घ्यावासा वाटतो मला.

आता लॉकआऊट, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन कुलूप लावून बंद करणं, यावर जरा थांबतो कारण इथे सगळ्यात जास्त शॉर्टकट चालतात. लाल इमर्जन्सी बटन दाबलं म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं नाही, ते फक्त थांबलं, सप्लाय आतपर्यंत आहेच. मेन आयसोलेटर (सप्लाय तोडायचा मुख्य स्विच) बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, चावी आपल्या खिशात, आणि टॅगवर नाव. चार जण काम करत असतील तर चार कुलपं, एकाच्या कुलपावर चौघांनी भरवसा ठेवायचा नाही. मग अडकलेली ताकद मोकळी करायची, हायड्रॉलिकचं प्रेशर, एअरची लाईन, ताणलेली स्प्रिंग, वर राहिलेला प्रेसचा रॅम (वरखाली होणारा जड भाग, त्याखाली ब्लॉक घालायचा), आणि मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमधले कपॅसिटर, ते सप्लाय तोडल्यावरही काही मिनिटं चार्ज असतात, किती वेळ थांबायचं ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं. आणि शेवटी स्टार्टचं बटन दाबून बघायचं. हे शेवटचं लोक विसरतात. आमच्याकडे एकदा फिटरने सगळं बरोबर केलं, कुलूप लावलं, आणि स्टार्ट दाबल्यावर कन्व्हेयर चालू! कुलूप शेजारच्या पॅनलला लागलं होतं, दोन्ही पॅनलवरची अक्षरं पुसली गेली होती. ते बटन दाबलं नसतं तर त्याचा हात आत गेला असता.

शिफ्ट बदलताना अर्धवट काम असेल तर तोंडी सांगणं पुरत नाही. १९८८ च्या जुलैमध्ये नॉर्थ सी मधल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह मेंटेनन्ससाठी काढला होता, काम संपलं नाही, ही गोष्ट रात्रीच्या शिफ्टपर्यंत पोचली नाही, दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला आणि गॅस गळून स्फोट झाला. १६७ माणसं गेली. तुमचं वर्कशॉप एवढं मोठं नसेल, पण अर्धवट सोडलेल्या कामाची पद्धत तीच असते. उघडी परमिटं एकाच बोर्डवर लावा आणि जाणारा आणि येणारा दोघांनी त्या बोर्डासमोर उभं राहून बोलायचं, मग सही.

हेल्मेट, गॉगल, ग्लोव्हज वाटले की झालं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, हे सगळं शेवटचं आहे. आधी बघायचं धोका काढूनच टाकता येतो का, नाही तर दुसरी पद्धत किंवा दुसरं मटेरियल, नाही तर गार्ड, एक्झॉस्ट, कव्हर, मग नियम आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी अंगावर घालायच्या वस्तू. आवाजाचं उदाहरण घ्या. लोखंडी ट्रेमध्ये पार्ट पडून दिवसभर खणखणाट होत असेल तर ट्रेला रबर लावणं आणि पडायची उंची कमी करणं हे इअर प्लगचा खोका आणण्याच्या आधी. आणि कधीकधी ती वस्तूच धोका असते, ड्रिलवर किंवा लेथवर ग्लोव्हज घालून उभं राहणाऱ्याला ताबडतोब काढायला सांगा, फिरता भाग ग्लोव्ह पकडतो आणि मागून हात ओढून घेतो.

आवाजावरून आठवलं, सेफ्टी अँड हेल्थ मधलं हेल्थ बिचारं नेहमी मागे राहतं, कारण त्यात रक्त दिसत नाही. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही बऱ्याच ठिकाणी धोक्याची रेघ धरतात, आणि दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे ८८ ला तेवढाच डोस चार तासात पूर्ण. मीटर नसेल तर दोन मीटरवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का बघा, लागत असेल तर तुम्ही त्या रेघेच्या आसपास आहात. कानाची टेस्ट कामावर घेतानाच करा, नाहीतर पाच वर्षांनी कमी ऐकू येतंय ते कशामुळे यावर भांडण होतं. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की करणाऱ्यांत, धरला जातो, आणि गॅल्व्हनाइज्ड पाईपवर वेल्डिंग केलेला माणूस संध्याकाळी ताप, थंडी, अंगदुखी घेऊन घरी पडतो, त्याला वाटतं व्हायरल आहे, असतो तो झिंकचा धूर. कूलंटने (धातू कापताना सोडायचं थंड करणारं पाणी-तेल) हाताला खाज आणि भेगा हे पण असंच, कुणी सांगत नाही. यासाठी पण नाव लावा, एक्झॉस्टचा फिल्टर कोण बघणार, कूलंट कोण तपासणार, वार्षिक तपासणीचे रिपोर्ट कोण वाचणार. वाचणार म्हणतोय, फाइलला लावणार नाही.

क्रेन आणि स्लिंगचं (जॉब हुकाला अडकवायचा दोर किंवा साखळी) एकच सांगतो कारण हे माहीत नसलेले बरेच भेटले. दोन पायांच्या स्लिंगने १ टनाचा जॉब उचलताना पाय जमिनीच्या रेषेशी ६० अंशात असतील तर प्रत्येक पायावर साधारण ५७७ किलो येतात, आणि स्लिंग आखूड पडली म्हणून ३० अंशावर ताणली तर प्रत्येक पायावर पूर्ण १ टन. जॉब तोच, क्रेन तीच. म्हणून "उचलायला कुणाला परवानगी" याची यादी वेगळी ठेवा आणि ती छोटी ठेवा.

निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवायची पद्धत बसवताना एक चूक सगळे करतात, मोठा बोर्ड लावतात, "अपघाताशिवाय इतके दिवस", आणि वर बक्षीस. मग बोट कापलं तरी माणूस रुमाल गुंडाळून गप्प बसतो, एवढ्या लोकांचं बक्षीस आपल्यामुळे गेलं नको. त्यापेक्षा किती निअर मिस आले आणि त्यातले किती दुरुस्त झाले हा आकडा लावा. सांगणाऱ्याला दोन दिवसात उत्तर गेलं पाहिजे, "करतोय, अमुक तारखेला" किंवा "होणार नाही, कारण हे". उत्तर आलं नाही तर तो दुसऱ्यांदा सांगत नाही. आणि पहिला प्रश्न "कुणी केलं" असा विचारू नका, इंटरलॉकला (दार उघडलं की मशीन बंद करणारा स्विच) चुंबक चिकटवून दार उघडं ठेवून मशीन चालवलेलं सापडलं तर आधी विचारा का चिकटवला. आमच्याकडे विचारलं तर कळलं की चिप्स (कापताना निघणारा धातूचा चुरा) अडकून दर दहा मिनिटांनी दार उघडावं लागत होतं, चिप्स बाहेर पडायची वाट मोठी केली आणि चुंबक आपोआप गेला.

नवीन माणसाचा पहिला दिवस पण कुणाच्या तरी नावावर पाहिजे. दोन तासाचं प्रेझेंटेशन दाखवून सही घेणं म्हणजे ट्रेनिंग नाही, त्याला बाहेर जायचा रस्ता चालवून दाखवा, इमर्जन्सी बटन दाबायला लावा, आणि सगळं झाल्यावर त्यालाच सांगायला लावा की कोणत्या मशीनला हात लावायचा नाही.

यादी झाली की ती मशीनवरच लावा, कॉम्प्युटरमध्ये नको. महिन्यातून एकदा सुपरवायझर आणि कामगारांचा एक माणूस असे दोघं फिरून बघू देत की नावं बरोबर आहेत का. हे उगाच सांगत नाहीये, त्या ग्राइंडरच्या प्रकरणानंतर आम्ही पाट्या लावल्या, दीड वर्षाने सहज बघितलं तर एका कॉम्प्रेसरवर नोकरी सोडून आठ महिने झालेल्या माणसाचं नाव होतं, आणि त्याच्या नावासमोर रोज सकाळी टिक पण होत होती.