लिव्हरच्या एमआरआयवर कोणता कॅन्सर, हे मी कसं ओळखते

नवा रेसिडेंट रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात हे घडतं. तो लिव्हरचा एमआरआय उघडतो, आर्टेरियल फेजवर, म्हणजे शिरेतून दिलेली डाय आर्टरीतून लिव्हरला पोचते त्या वेळच्या फोटोंवर जातो, चमकणारी गाठ दिसते आणि मान वळवून म्हणतो, "मॅडम, एचसीसी", म्हणजे लिव्हरच्या पेशींपासून सुरू होणारा कॅन्सर. मी विचारते, "आणि लिव्हर कसं आहे?" तो परत गाठीकडेच बघतो.

म्हणून माझ्याकडे पहिला नियम हा, की गाठ शेवटी बघायची. आधी लिव्हरची कड खडबडीत आहे का, उजवा भाग आक्रसून कॉडेट लोब फुगलाय का, प्लीहा वाढलीय का, पोटात पाणी आहे का, ते बघायचं. मग केसपेपर वाचायचा. हिपॅटायटिस बी आहे का, दारू किती वर्षं, साखर किती. गाठ एचसीसी असण्याची शक्यता श्रेणीत मांडणारी जी लाय-रॅड्स पद्धत आपण वापरतो ती अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०११ साली आणली, आणि तिची २०१८ची आवृत्ती हाताशी ठेवा. पण ती सगळ्यांना लावायची नसते. पेशंट अठराच्या वरचा हवा, आणि त्याला सिरोसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं), जुनाट हिपॅटायटिस बी किंवा आधी झालेला एचसीसी, यांपैकी काहीतरी हवं. चोवीस वर्षांच्या मुलीच्या ठणठणीत लिव्हरमध्ये तशीच चमकणारी गाठ बहुतेक वेळा कॅन्सर नसलेली साधी एफएनएच किंवा अ‍ॅडिनोमा निघते. तिला एलआर-५, म्हणजे लाय-रॅड्सची "नक्की एचसीसी" ही श्रेणी लिहिलीत तर घरच्यांची झोप उडेल, तीही विनाकारण.

आता स्कॅनकडे. निरोगी लिव्हरला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून येतं आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून. एचसीसी वाढत जातो तसा तो पोर्टलचं रक्त सोडतो आणि आर्टरीवर जगायला लागतो. डाय आर्टरीतून आधी पोचते, म्हणून गाठ आधी उजळते. मिनिटभराने पोर्टलमधून डाय येऊन बाकीचं लिव्हर उजळतं, तेव्हा गाठ मागे पडून काळसर दिसते. हाच वॉशआउट. सगळा खेळ वेळेचा असल्यामुळे फेज बरोबर पकडलीय का, हे गाठीच्या आधी तपासा. चांगल्या लेट आर्टेरियल फेजमध्ये हिपॅटिक आर्टरी लख्ख असते, पोर्टल व्हेन थोडी भरलेली असते आणि हिपॅटिक व्हेन्स अजून काळ्याच असतात. पोर्टलही काळी असेल तर फोटो लवकर काढला गेलाय. अशा स्कॅनवर "गाठ उजळत नाही" असं लिहू नका, फेज चुकली असं लिहा.

फेज चुकते ती बहुतेक वेळा श्वासापायी. आमचं सेंटर सोलापुरात. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आजी आल्या की आमचे टेक्निशियन काका डाय द्यायच्या आधी त्यांच्याच भाषेत दोन-तीनदा तालीम घेतात, श्वास सोडा आणि थांबा. मी स्वतः एकदा मराठीत "थांबा" म्हटलं, तर आतून प्रेमाने "बरं गं बाई" असं उत्तर आलं. गेली आर्टेरियल फेज. गॅडोक्सेटेट ही खास लिव्हरची डाय वापरली तर आणखी एक पंचाईत असते. डोस किलोला ०.१ मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला अवघे ६ मिली. डाय क्षणात निघून जाते, आणि काही पेशंटना नेमका त्याच वेळी काही सेकंद श्वास धरवत नाही.

एवढं जमलं की गाठीकडे या. एचसीसीची गाठ आर्टेरियल फेजमध्ये कडेपुरती न उजळता आतपर्यंत उजळते. ती २ सेंटिमीटर किंवा मोठी असेल आणि पोर्टल फेजमध्ये वॉशआउट किंवा नंतर उजळणारी कॅप्सूल, म्हणजे गाठीभोवतीचं वेष्टन दिसलं, तर एलआर-५. १० ते १९ मिलिमीटरच्या गाठीला नुसती कॅप्सूल पुरत नाही. तिथे वॉशआउट हवा, नाहीतर सहा महिन्यांच्या आत ५० टक्के वाढ. डाय देण्याआधीच गाठ टी-वन या प्रकारच्या फोटोत पांढरी असेल तर डोळ्यांवर विसंबू नका, सबट्रॅक्शन, म्हणजे डायनंतरच्या फोटोतून आधीचा वजा केलेला फोटो काढायला सांगा. आउट ऑफ फेज या चरबी ओळखण्याच्या फोटोत गाठीतला भाग काळा पडला तर आत चरबी आहे, हेही एचसीसीच्या बाजूचं. पोर्टल व्हेन फुगलीय आणि तिच्यातली गुठळी आर्टेरियलमध्ये उजळतेय? मग ती साधी गुठळी नव्हे, कॅन्सर शिरेत शिरलाय.

पित्तनलिकेच्या कॅन्सरचं, म्हणजे कोलँजिओकार्सिनोमाचं वागणं उलटं. कड आधी उजळते, मधला भाग काळाच राहतो आणि दोन-पाच मिनिटांनी सावकाश भरत जातो, तिरंदाजीच्या चक्रासारखा. मध्ये चिवट तंतुमय पेशीजाळ असतं, त्यात डाय उशिरा शिरते आणि अडकून राहते. त्या जागी लिव्हरचा पृष्ठभाग आत ओढला गेलेला दिसतो, पलीकडच्या पित्तनलिका फुगतात. असं चित्र दिसलं की एलआर-एम. म्हणजे कॅन्सर आहे किंवा असण्याचा दाट संशय आहे, पण तो एचसीसीच आहे असं म्हणता येत नाही. एक गल्लत सांभाळा. सिरोसिसमधला व्रणाचा पट्टाही उशिरा उजळतो आणि पृष्ठभाग आत ओढतो. तो पाचरीच्या आकाराचा असतो आणि बहुधा चौथ्या, पाचव्या, आठव्या सेगमेंटमध्ये दिसतो.

आता माझी चूक. सिरोसिसचा पेशंट, एएफपी (रक्तातली एचसीसीची खूण) थोडं वाढलेलं, ३ सेंटिमीटरची गाठ, डाय गॅडोक्सेटेट. आर्टेरियलमध्ये बारीक कड उजळलेली होती, मी तिला कॅप्सूल समजले. तीन मिनिटांच्या फोटोत गाठ काळी होती, मी त्याला वॉशआउट समजले. लिहिलं एलआर-५. दोन्ही चुकलं होतं. कॅप्सूल पोर्टल किंवा त्यानंतरच्या फेजमध्ये उजळते. आर्टेरियलमध्ये उजळणारी कड म्हणजे रिम, आणि ते कोलँजिओचं लक्षण. शिवाय गॅडोक्सेटेट लिव्हरच्या पेशी स्वतःच शोषून घेतात. तीन मिनिटांपर्यंत लिव्हर इतकं उजळतं की त्यापुढे कुठलीही गाठ काळी दिसते. म्हणून या डायवर वॉशआउट फक्त पोर्टल फेजमध्ये, साधारण ६० ते ८० सेकंदांना बघायचा. सर्जनने सीए १९-९ (रक्तातली कोलँजिओची खूण) मागवलं, ते वाढलेलं निघालं. बायोप्सीत कोलँजिओ. तोवर ट्रान्सप्लांटची बोलणी सुरू झाली होती. एलआर-५ आलं की बायोप्सीशिवाय उपचार सुरू होतात, म्हणून हा आकडा लिहिताना माझा हात आजही जरा अडखळतो.

मेटास्टॅसिस, म्हणजे दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सरही चक्रासारखा दिसतो, पण बहुधा निरोगी लिव्हरमध्ये आणि अनेक गाठींनी. सिरोसिसमध्ये त्या मानाने कमी. डिफ्यूजन या प्रकारच्या फोटोंवर बारीक गाठी मोजा आणि मोठं आतडं, स्वादुपिंड यांची चौकशी करा. किडनी किंवा न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) ट्यूमरच्या गाठी मात्र हुबेहूब एचसीसीसारख्या उजळून विझतात. तिथे लिव्हर निरोगी आहे, हीच खूण वाचवते.

तरुण पेशंट, सिरोसिस नाही, मोठी गाठ आणि मध्ये व्रण, तर फायब्रोलॅमेलर हा लिव्हर कॅन्सरचा प्रकार आठवा. त्याचा व्रण टी-टू या प्रकारच्या फोटोत काळा, एफएनएचचा बहुधा पांढरा. शिवाय गॅडोक्सेटेट दिलं असेल तर एफएनएच वीस मिनिटांच्या फोटोतही डाय धरून ठेवते.

एचसीसी आणि कोलँजिओ एकाच गाठीत असलेला मिश्र प्रकारही असतो. तो कधी एकासारखा दिसतो, कधी दुसऱ्यासारखा. एमआरआयवर त्याची खात्रीची खूण नाही. रिमचा जरा जरी संशय असला की मी एलआर-एम लिहिते आणि बायोप्सी सुचवते, सुई कुठल्या उजळणाऱ्या भागात जावी तेही सांगते.

माप घेताना आर्टेरियल फेज टाळा, भोवतालची चमक धरून गाठ मोठी भरते. कड स्पष्ट दिसेल अशी दुसरी फेज घ्या आणि पुढच्या वेळीही तीच. रिपोर्ट टाइप करण्याआधी बाहेर बसलेल्या नातेवाइकांकडे जुना स्कॅन मागा. ते आधी म्हणतील, काही नाही. पिशवी उघडायला सांगा. वरती सोनोग्राफीचे कागद, मध्ये दुमडलेल्या फिल्म आणि अगदी तळाशी, औषधांच्या पाकिटात, सीडी असते.