चाकांचा दुसरा सेट चढवताय? आधी सेन्सरचा आयडी लिहून घ्या

मृग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळी झाली की एकदा, अशी वर्षातनं दोनदा मी गाडीची चारी चाकं बदलतो. आमचं शेत परभणी जिल्ह्यात, सगळं काळं रान, पाऊस पडला की पाणंद रस्त्यावर हायवेच्या टायरची नक्षी चिखलानं बुजून जाते आणि गाडी जागेवरच फिरते. म्हणून पावसाळ्यासाठी स्टीलच्या रिमवर जाड नक्षीचे टायर आणि बाकीचे महिने कंपनीचे अलॉय. चाकं बदलणं सोपंय, पण चाकातल्या हवेच्या सेन्सरचं म्हणजे टीपीएमएसचं काय करायचं हे नीट कुणीच सांगत नाही. "गाडी चालवा, आपोआप होतंय" एवढंच ऐकायला मिळतं, आणि ते अर्धंच खरंय.

आधी आपल्या गाडीत कोणत्या जातीची सिस्टीम आहे ते बघा. मीटरवर प्रत्येक टायरच्या हवेच्या दाबाचा वेगळा आकडा (पीएसआयमध्ये) दिसत असेल तर चाकात खरा सेन्सर आहे. नुस्ता पिवळा दिवा लागत असेल, आकडे नसतील, तर बहुतेक वेळा चाकात काहीच नसतंय, एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमच्या सेन्सरवरनं गाडी चाकाचे फेरे मोजते, हवा कमी झालेलं चाक घेरानं लहान होतं आणि जास्त फिरतं, त्यावरनं तिला कळतं. अशी गाडी असेल तर तुमचं काम दोन मिनिटांचं: चाकं बदला, सकाळी गार टायरमध्ये बरोबर हवा भरा, आणि मगच मेन्यूमधनं रिसेट करा. हवा न बघता रिसेट मारलात तर गाडी त्या चुकीच्या हवेलाच बरोबर धरून बसेल, आणि दिवा लागायला पाहिजे तेव्हा लागणार नाही. टोपणासारखे बाहेरनं लावायचे सेन्सर असतील तर ते काढून नव्या सेटला लावा, फक्त ज्या जागेचा सेन्सर त्याच जागेच्या चाकाला.

आता पुढचं सगळं चाकाच्या आतल्या सेन्सरबद्दल.

दुसऱ्या सेटला सेन्सर घेताना दोन गोष्टी बघा. आपल्याकडं बहुतेक गाड्यांना 433 मेगाहर्ट्झचे लागतात, अमेरिकेतल्या कित्येक गाड्यांना 315 चे, त्यामुळं ऑनलाइन स्वस्त मिळतंय म्हणून काहीही मागवू नका. दुसरं म्हणजे आतली बॅटरी बदलता येत नाही, ती पाच ते दहा वर्षं चालते, म्हणून भंगारातल्या गाडीचे जुने सेन्सर अजिबात घेऊ नका. आणि घेताना प्रोग्रॅमेबल, म्हणजे ज्यावर आयडी (सेन्सरचा ओळख क्रमांक) लिहिता येतो असेच कोरे सेन्सर मागा. का ते खाली सांगतो.

टायर चढवायच्या आधी, आणि हे मी हात जोडून सांगायलो, प्रत्येक सेन्सरचा मोबाइलवर फोटो काढा आणि आयडी वहीत लिहा. सेन्सरच्या अंगावर बारीक अक्षरात बहुतेक वेळा आठ खुणा असतात, 0 ते 9 आकडे आणि ए ते एफ अक्षरं. त्यात ओ हे अक्षर कधीच नसतं, गोल दिसलं की ते शून्यच. बी आणि 8 मात्र उजेडात धरून दोनदा वाचा. एकदा टायर बसला की तो आयडी डोळ्यांनी दिसत नाही, मग सेन्सर वाचायचं टूल असलेलं दुकान शोधा नाहीतर परत टायर उतरवा.

टायर बसवताना मशीनवर स्वतः उभे ऱ्हा. बीड, म्हणजे रिमला घट्ट बसलेली टायरची कड फोडायचं पातं व्हॉल्वच्या बरोबर विरुद्ध बाजूला लागलं पाहिजे, व्हॉल्वजवळ नाही. माझा एक सेन्सर असाच गेला, पोरानं घाईत चाक जसं आलं तसं लावलं आणि आतनं कट्ट आवाज आला, उघडून बघितलं तर काळ्या डबीचे दोन तुकडे आणि व्हॉल्व तेवढा रिमला लटकलेला. अॅल्युमिनियमचा व्हॉल्व असेल तर आतली पिनसुद्धा निकेलचा मुलामा दिलेलीच पाहिजे, साधी पितळी पिन किंवा पितळी टोपण लावलं की दोन-तीन पावसाळ्यांत ते गंजून एक होतं, फिरवायला गेलात की व्हॉल्वच मोडतो. टोपण प्लास्टिकचं लावा.

गाडी जॅकवर घ्या, चाकं बदला, नट फुलीच्या क्रमानं आवळा. 50-100 किलोमीटरनं परत एकदा आवळा.

आता खरी गोम. गाडीला चाक कळत नाही, तिला फक्त आयडी कळतो. तिच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या चार सेन्सरचे आयडी लिहिलेले असतात, नवे चार कितीही ओरडले तरी ती त्यांचं ऐकत नाही. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. सेट चढवला, निघालो, आणि पिवळा दिवा आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग तसाच लागून राहिला. दुकानात म्हणले, गाडी चालवा, शिकंल आपोआप. मी परभणीहून पार नांदेडला जाऊन परत आलो, दिवा तसाच. मग दुसऱ्या दुकानात म्हणले सेन्सरच खराब आहेत, चारी बदला. मी बदलले, पैसे भरले, परत तेच. सेन्सर कधीच खराब नव्हते, माझ्या गाडीला आयडी बाहेरनं भरावा लागतो एवढंच होतं. दिवा लुकलुकून मग लागून राहिला तर गाडीला सेन्सर सापडंना, आणि सरळ लागला तर खरंच हवा कमी. हा फरक माहीत असता तर माझे पैसे वाचले असते.

आयडी शिकवायच्या तीन रीती आहेत. काही गाड्या खरंच चालवून शिकतात, पण त्याची पण रीत असते, आधी गाडी पंधरा-वीस मिनिटं बंद उभी पाहिजे आणि मग न थांबता दहा-वीस मिनिटं चालली पाहिजे, सिग्नलला थांबत बाजारातनं फिरून काही होत नाही. काही गाड्यांत मेन्यूमधनं लर्निंग मोड चालू करून प्रत्येक चाकाजवळ टूल धरून सेन्सर जागा करावा लागतो, कारण उभ्या चाकातला सेन्सर झोपलेला असतो. यात कोणत्या चाकानं सुरुवात करायची ते मॅन्युअलमध्ये असतं, तो क्रम मोडू नका. आणि काहींत ओबीडीच्या, म्हणजे गाडी तपासायचं मशीन जोडायच्या सॉकेटमधनं चारी आयडी लिहावे लागतात, तिथं तुमची वही कामी येते. आपली गाडी कोणत्या रीतीची ते सेन्सर घ्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

पण वर्षातनं दोनदा सेट बदलणाऱ्यानं या तिन्हीच्या नादी लागू नये, असं माझं ठाम मत आहे. सरळ क्लोन करा. अलॉयमधल्या कंपनीच्या सेन्सरचे आयडी टूलनं वाचायचे आणि तेच कोऱ्या सेन्सरवर लिहायचे, पुढच्या डाव्याचा पुढच्या डाव्यावर, तसे चारी. उलटं होत नाही, कंपनीच्या सेन्सरवर दुसरा आयडी लिहिता येत नाही, म्हणून कोरे घ्या म्हणलं. मग गाडीला सेट बदलला हेच कळत नाही, शिकवायचं कामच नाही.

यात एकच धोका आहे आणि तो मला बराच छळला. एकाच आयडीचे दोन सेन्सर गाडीजवळ नकोत. मी काढलेला सेट शेडमध्ये गाडीला लागूनच उभा केला होता आणि एका संध्याकाळी गाडी चालू ठेवून त्यातच पंपानं हवा भरायला बसलो. हवा बदलली की झोपलेला सेन्सर जागा होतो. मीटरवर पुढच्या डाव्या टायरचा आकडा कधी 33 कधी 24, मी अर्धा तास पंक्चर शोधत होतो. तेव्हापासून काढलेला सेट मागच्या खोलीत, गाडीपासून चांगला लांब, आणि त्याला हात लावायचा तर गाडी बंद.

बसवल्यावर जागा तपासा. एका टायरमधनं तीन-चार पीएसआय हवा सोडा, थोडं चालवा, आणि मीटरवर त्याच टायरचा आकडा उतरला का बघा. दुसऱ्याच चाकाचा उतरला तर आयडी अदलाबदल झालेत. हे चारी चाकांना करा, कंटाळू नका. समृद्धीवर 120 नं जाताना मागचं उजवं खाली चाललंय आणि मीटर पुढचं डावं दाखवतंय, असं झालं तर तुम्ही उतरून चुकीचं चाक बघणार आणि परत गाडी पळवणार.

हवा सकाळी, गाडी काढायच्या आधी, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणं भरा. तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळं ऑक्टोबरच्या दुपारी बरोबर असलेली हवा डिसेंबरात परभणीच्या थंडीत पहाटे दिवा लावू शकते, ते दरवेळी पंक्चर नसतंय. उलट मे महिन्यात लांब चालवून आल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, गार झाल्यावर ती कमी पडंल आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो.

स्टेपनीत बहुतेक वेळा सेन्सर नसतो, ती लावली की दिवा लुकलुकणारच. 2020 पासून टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या गाडीला स्टेपनी नसली तरी कायद्यानं चालतंय, पण किटमधलं ते चिकट औषध टायरमध्ये घातलं तर सेन्सरचं बारीक भोक बुजू शकतं. तसं घातलं असंल तर पंक्चर काढताना दुकानदाराला आधी सांगा आणि सेन्सर पुसून घ्या.

काढलेल्या चाकांवर आतल्या बाजूनं खडूनं लिहून ठेवा, पुढं डावं, पुढं उजवं, मागं डावं, मागं उजवं. क्लोन केलं असंल तर पुढच्या वेळी त्या चाकांना तीच जागा परत लागते.