मुलांना रंगभेद आणि न्याय शिकवताना: सुरुवात जास्त मिळालेल्या वाट्यापासून

आपल्याला कमी मिळालं की चार वर्षांचं पोरही भोकाड पसरतं. ते कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याला जास्त मिळालंय आणि तेही बरोबर नाही, हे कळायला मात्र फार वेळ लागतो. कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा आणि भारत अशा सात देशांतल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःला कमी देणारी वाटणी नाकारणारी मुलं सातही देशांत आढळली. स्वतःला जास्त देणारी वाटणी नाकारणारी मुलं तीनच देशांत दिसली, आणि तीही वयाने मोठी. रंगभेदाबद्दल मुलांशी बोलताना आपण बहुधा "कुणाला चिडवू नये" इथेच थांबतो. खरं काम त्या दुसऱ्या, उशिरा येणाऱ्या समजेवर करायचं असतं.

"लहान आहे, त्याला काय कळतंय" हे आधी डोक्यातून काढा. तीन महिन्यांच्या बाळाची नजर रोज आजूबाजूला दिसणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांवर जास्त रेंगाळते, नवजात बाळाची तशी रेंगाळत नाही. हा द्वेष नाही, नुसता सराव आहे. पण पुढे तीन-चार वर्षांचं झालं की मूल माणसांचे गट पाडू लागतं, आणि मोठी माणसं गप्प राहिली तर त्या गटांची कारणं स्वतःच जुळवतं.

या वयात रंगांपासून सुरुवात करा. दोन चमचे पिवळा आणि एक चमचा लाल पोस्टर कलर एकत्र करा, मग त्यात निळा थेंबाथेंबाने घाला. तपकिरी झाला की थांबा, निळा जास्त पडला तर मिश्रण मळकट हिरवं होतं. ते चार-पाच वाट्यांत वाटून एकीत पांढरा, दुसरीत जरा लाल, तिसरीत आणखी थोडा निळा घाला. प्रत्येकाने कागदावर ठिपका काढून तो मनगटाशेजारी धरायचा आणि आपला रंग शोधायचा. वाळल्यावर छटा बदलते, त्यामुळे ओल्या ठिपक्यावरून ठरवू नका. शेवटी नुसत्या पांढऱ्या आणि नुसत्या काळ्या रंगाचा एकेक ठिपका काढा. कुणाचंच मनगट त्यांच्याशी जुळत नाही आणि ते मुलांनाच आधी दिसतं.

मग कारण सांगा. त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते तयार करणाऱ्या पेशी सगळ्यांच्या अंगात साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचं बनतं यात. जिथे ऊन तीव्र तिथे हजारो पिढ्या राहिलेल्या लोकांची त्वचा गडद, कारण मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतं. पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. त्याच बैठकीत खडूंच्या डबीतल्या फिकट गुलाबी खडूला "अंगाचा रंग" म्हणणं बंद करा. क्रेयोला कंपनीने आपल्या अशाच एका खडूचं त्या अर्थाचं इंग्रजी नाव १९६२ मध्ये बदलून "पीच" केलं. कुणाच्या अंगाचा, हा प्रश्न तेव्हाही होता.

वाटणीचा खेळ

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी. दोन मुलं, दहा गोट्या किंवा बटणं, दहा मिनिटं. खाऊ वापरू नका, भुकेपुढे विचार टिकत नाही.

पहिल्या फेरीत एकाला दोन, दुसऱ्याला आठ. कमी मिळालेला ओरडेलच, त्याला बोलू द्या. दुसऱ्या फेरीत त्याच मुलाला आठ द्या आणि गप्प बसा. इथेच सगळा खेळ आहे. बहुतेक मोठ्यांना ती शांतता झेपत नाही आणि ते लगेच "बघ, आता त्याला कसं वाटत असेल" असं सुरू करतात. मूल मान डोलावतं, शिकत काही नाही. निदान अर्धा मिनिट थांबा. मग एवढंच विचारा, "आता ही वाटणी ठीक आहे का?" हो म्हणालं तर "मघाशी ठीक का नव्हती?" बरोबर उत्तर त्याच दिवशी मिळायलाच हवं असं नाही.

तिसऱ्या फेरीत गोट्या बाजूला ठेवा. एक पुस्तक उंच फळीवर ठेवा, जिथे एका मुलाचा हात पोचतो, दुसऱ्याचा नाही. स्टूल एकच. कुणाला द्यायचं? दोघांना पाच-पाच मिनिटं दिलं तर वाटणी सारखी होते, पण न्याय होतो का? "सारखं" आणि "न्याय्य" हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मुलांना इथे पटतं. शेवटी फळी कुणी एवढी उंच बसवली, असा प्रश्न एखादं मूल विचारतं. विचारलंच, तर खेळ थांबवून त्यावरच बोला.

एक गोष्ट मात्र घरी किंवा वर्गात करू नका. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिल १९६८ ला, तिथल्याच आयोवा राज्यातल्या शिक्षिका जेन इलियट यांनी तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वरचढ आणि कमी असं विभागलं. प्रयोग गाजला, त्याची नक्कल अजून होते. पण मुलांना फसवून दुखावणं हा त्याचा गाभा आहे आणि नंतर ते सावरायला लागणारं कौशल्य प्रत्येकाकडे नसतं. गोट्या पुरतात.

इतिहास सांगताना

आठ-नऊ वर्षांनंतर खऱ्या घटना सांगा, पण एकट्या वीराची गोष्ट करून नको. अमेरिकेत बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, ही आवृत्ती सोपी आणि चुकीची आहे. त्या अनेक वर्षं नागरी हक्कांच्या संघटनेत काम करत होत्या. त्यांना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली. त्याआधी नऊ महिने त्याच माँटगोमेरी शहरात क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीने जागा सोडायला नकार दिला होता आणि तिलाही अटक झाली होती. पार्क्स यांच्या अटकेनंतर तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. लोक चालत गेले, गाड्या वाटून वापरल्या, कोर्टात लढले. मुलांना हिशोब घालू द्या: समजा, रोज जाऊन-येऊन सहा किलोमीटर चालायचं, तर ३८१ दिवसांत किती? २,२८६ किलोमीटर. हा आकडा मुलाने स्वतः काढला की न्याय मिळवायला किती पाय झिजवावे लागतात ते त्याला सांगावं लागत नाही.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांपुढे दक्षिण आफ्रिका ठेवा. १९५० च्या कायद्याने तिथे प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद होऊ लागली. शंका आली की अधिकारी केसांत पेन्सिल खोचून बघत, ती खाली पडते की अडकते; पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या वर्गांत टाकली गेली. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला आणि सर्वांना मताचा हक्क देणारी पहिली निवडणूक एप्रिल १९९४ मध्ये झाली. इथे विचारा, पेन्सिल पडली म्हणून माणूस बदलला का? मग काय बदललं? कुठे राहता येईल, कोणत्या शाळेत जाता येईल, हे. दोन माणसांचे जनुकीय आराखडे साधारण ९९.९ टक्के सारखे असतात, हेही इथेच सांगा. आधी सांगितलं तर तो नुसता पाठांतराचा आकडा होतो.

अवघड क्षण

चारचौघांत मूल मोठ्याने विचारतं, "त्यांचा रंग असा का?" हात ओढून "गप्प बस" म्हणू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की त्या रंगात काहीतरी लाजिरवाणं आहे. "त्यांच्या त्वचेत मेलॅनिन जास्त आहे, माझ्यात आणि तुझ्यातही आहेच" असं साध्या आवाजात सांगा. समोरच्याने ऐकलं असेल तर हसून नमस्कार करा. लांबलचक माफी नको, तिने त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

मुलाने अपशब्द वापरला तर आधी तो थांबवा: "हा शब्द माणसाला खाली ढकलायला वापरतात. आपण वापरत नाही." मग कुठे ऐकला ते विचारा, पण दरडावून नाही, नाहीतर पुढच्या वेळी ते तुमच्यापासून लपून वापरेल. जबरदस्तीची "सॉरी" कामाची नाही. ज्याला लागलं त्याच्यासाठी काय करता येईल, ते मुलालाच सुचवू द्या.

आपलंच मूल लक्ष्य झालं असेल तर "लक्ष देऊ नकोस" आणि "त्याला तसं म्हणायचं नसेल" ही दोन वाक्यं गिळा. आधी पूर्ण ऐका. तारीख, ठिकाण, नेमके शब्द आणि तेव्हा कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. शिक्षकांना भेटताना "बघून घ्या" असं मोघम बोलू नका. काय करणार आणि कधीपर्यंत, ते विचारा आणि भेटीनंतर तेच लेखी पाठवा. मूल नको म्हणत असेल तर कुणाला काय सांगणार आहात ते आधी त्याला सांगा.

आणि आपली भाषा. "सावळी असली तरी देखणी", "रंगाने काळा, पण हुशार." यातलं "तरी" आणि "पण" मुलं बरोबर टिपतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ही वाक्यं द्या आणि तो एक शब्द खोडून पुन्हा वाचायला सांगा. काय बदललं, ते त्यालाच सांगू द्या. आठवडाभरात ते तुमच्याच तोंडचं असं एखादं वाक्य पकडेल. तेव्हा "मला तसं म्हणायचं नव्हतं" म्हणू नका. "खरंय, चुकलं" म्हणा आणि वाक्य त्याच्यासमोरच दुरुस्त करून पुन्हा बोला.