कृष्णविवराजवळचे तरंग: आधी कणाचा आलेख काढा

कृष्णविवराजवळ तरंग कसे वागतात, या विषयात मी थेट हॉकिंग प्रारणापासून (कृष्णविवरातून निघणाऱ्या क्षीण उष्ण प्रारणापासून) शिरले. कित्येक महिने गणितं उतरवली, पण समज काही वाढेना. म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगते, सुरुवात एका साध्या कणापासून करा.

श्वार्झशिल्ड, म्हणजे स्वतःभोवती न फिरणाऱ्या, कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या कणाच्या परिणामी विभवाचा (गुरुत्व आणि कोनीय संवेग यांचा एकत्रित परिणाम दाखवणाऱ्या ऊर्जेचा) आलेख हाताने काढा. न्यूटनच्या गणितात कोनीय संवेगाची भिंत कणाला केंद्रापासून दूर ठेवते. इथे आत जावं तशी ती भिंत खचते. त्यामुळे क्षितिजाच्या (जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या) तिप्पट त्रिज्येच्या आत स्थिर वर्तुळाकार कक्षाच उरत नाही. प्रकाशासाठी विभवाचा माथा दीडपट त्रिज्येवर येतो. तो लक्षात ठेवा.

मग क्लाइन-गॉर्डन समीकरण घ्या, म्हणजे सापेक्षतेत बसणारं सर्वांत साधं तरंग-समीकरण. कोनीय भाग वेगळा केला की उरतं ते श्रोडिंगरच्या समीकरणासारखंच: विभवाच्या टेकडीवर आदळणारा तरंग, थोडा परततो, थोडा पलीकडे झिरपतो. वस्तुमानरहित स्केलर क्षेत्रासाठी (प्रत्येक बिंदूला फक्त एक संख्या असलेल्या क्षेत्रासाठी) टेकडीचा माथा स्वतः शोधा. कोनीय अंक (तरंगाचा कोनीय संवेग सांगणारा पूर्णांक) शून्य असताना तो क्षितिजाच्या ४/३ पट त्रिज्येवर असतो. अंक वाढवत न्या, तो दीडपटीकडे सरकतो. प्रकाशकिरणाचा तोच माथा! हे वहीत उमटलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

यात एक मधली पायरी आहे, 'टॉर्टॉइज' निर्देशक, म्हणजे त्रिज्येऐवजी वापरायचं ताणलेलं अंतर. तो क्षितिजाला उणे अनंतावर ढकलतो, म्हणून तिथे तरंग साधा सरळ होतो. माझा प्रोग्राम मात्र इथेच चुकायचा. क्षितिजाच्या अगदी जवळ 'त्रिज्या भागिले क्षितिजत्रिज्या, वजा एक' ही संख्या इतकी बारीक होते की वजाबाकीत संगणक तिला शून्यच धरतो. ती संख्याच मूळ चल म्हणून घ्या. आठवडे वाचतील.

भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये याच टेकडीवर तरंगांचे पुंजके सोडून पाहिले, आणि विरत जाणारा ठरावीक नाद मिळाला. त्याच जातीचा नाद १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय तरंगाच्या शेपटात शोधला गेला.

त्यानंतर मी हॉकिंग प्रारणाकडे परतले. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान जेमतेम ६० नॅनोकेल्विन, आणि तेवढ्या क्षीण प्रारणालाही बाहेर पडताना हीच टेकडी गाळते: कमी वारंवारतेचे तरंग बहुतांशी आत परततात, म्हणून दूर पोचणारा वर्णपट निव्वळ कृष्णिकेचा (सगळा प्रकाश शोषणाऱ्या आदर्श तप्त वस्तूचा) राहत नाही.