केमो सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या

केमोची तारीख ठरली की सगळे केस गळण्याचीच चर्चा करतात. पण त्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा, शक्यतो दोन आठवडे आधी. किडलेला दात, सुजलेली हिरडी एरवी अंगावर काढता येते. केमोमध्ये रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि मग तोंडातला तोच जंतुसंसर्ग रक्तात उतरू शकतो. दात काढायचाच असेल तर जखम भरायला वेळ हवा, म्हणून ही घाई. अर्थात, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी गोष्ट थर्मामीटर. घरात असेलच, पण चालतो का ते बघा. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसवर गेला, तर मध्यरात्र असली तरी फोन करायचा. सकाळपर्यंत थांबायचं नाही, आणि न विचारता तापाची गोळीही घ्यायची नाही, कारण तिने ताप झाकला जातो. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून फ्रिजवर चिकटवा.

चालू असलेली सगळी औषधं, काढे आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. पुढे मूल हवं असेल तर तो विषय पहिल्या डोसआधीच काढा. अवघड वाटतं खरं, पण नंतर पर्याय कमी उरतात.