घरची जुनी बाईक शोधायला निघताय? आधी चासी नंबर हातात घ्या

सगळ्यात आधी चासी नंबर. प्लेटवरचा नंबर नाही, चासी नंबर, म्हणजे गाडीच्या फ्रेमवर, सांगाड्यावर ठोकलेला. बाबांची येझदी शोधताना आमच्याकडे फक्त प्लेटचा नंबर होता, एमएच-१२ सुरू व्हायच्या आधीच्या तीन अक्षरी सिरीजमधला, आणि तेवढ्यावर आम्ही पुणं पालथं घातलं, आणि शेवटी एक गाडी समोर उभी राहिली तेव्हा ती आपलीच का हे छातीठोकपणे सांगता येईना. रंग वेगळा, टाकी वेगळी, प्लेट परराज्याची. गाडी दुसऱ्या राज्यात रजिस्टर झाली की नंबर बदलतो, इंजिनंही लोक बदलतात, जावा-येझदीची तर सर्रास. शेवटपर्यंत टिकतो तो फ्रेमवर ठोकलेला नंबर.

आरसी बुक विकताना गाडीबरोबरच गेलेलं असतं, म्हणून कागद नाहीत असं म्हणून बसू नका. विम्याच्या जुन्या पॉलिसीवर चासी आणि इंजिन दोन्ही नंबर असतात. शोरूमचं बिल बघा, कर्जाचे कागद बघा, पत्र्याच्या ट्रंकेतल्या झेरॉक्स बघा. फाइलमध्ये एखादा पातळ कागद मिळेल, त्यावर पेन्सिल घासून उमटवलेले आकडे, तो तर अजिबात फेकू नका, ती चासीची छाप असते, ट्रान्सफरच्या वगैरे कामासाठी काढून ठेवलेली. हाताने लिहिलेल्या जुन्या कागदांत ३ आणि ८, १ आणि ७ यांचा घोळ हमखास होतो, त्यामुळे दोन कागदांवरून ताडून घ्या. मग फोनमध्ये सेव्ह करा, घरच्या ग्रुपवर टाका, पाकिटात चिठ्ठी ठेवा. हे झाल्याशिवाय घराबाहेर पडू नका, प्लीज.

जुने फोटो घ्या, ते काय सांगायला नको.

मग माणसं. गाडी कोणी विकली, कोणाला, मध्ये कोण होतं. काका, आत्या, बाबांचे ऑफिसातले मित्र, सगळ्यांना वेगवेगळं गाठून विचारा, एकत्र बसवलं की एक जण सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. आणि हे पुढच्या महिन्यावर टाकू नका, ही माणसं सत्तरी-ऐंशीतली आहेत. घेणाऱ्यापेक्षा मेकॅनिक जास्त कामाचा, गाडी हातोहात फिरली तरी बऱ्याचदा त्याच गॅरेजला येत राहते. नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे विचारा, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. जावा-येझदी असेल तर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे, म्हणजे या गाड्यावाल्यांचा मेळावा असतो, तिथली मंडळी फ्रेम नंबर वाचण्यात मुरलेली असतात, पण ती पहिला प्रश्न हाच विचारतात: चासी नंबर काय?

ऑनलाइन बघायचं तर सरकारचं वाहन पोर्टल आणि एमपरिवाहन ॲप. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, आणि खूप जुन्या गाड्यांचं रेकॉर्ड चढलेलंच नसतं, त्यामुळे 'नो रेकॉर्ड' आलं म्हणजे गाडी भंगारात गेली असं समजू नका. रेकॉर्ड सापडलंच तर पुढच्या बऱ्याच कामांना चासीचे शेवटचे आकडे मागतात. बघा, परत तेच. पूर्वी गाड्या नुसत्या सही केलेल्या फॉर्मवर विकल्या जायच्या आणि ट्रान्सफर कोणी करायचंच नाही, त्यामुळे गाडी अजून बाबांच्याच नावावर असू शकते. तसं असेल तर ई-चलन तपासा, चलनावर ठिकाण असतं, बऱ्याचदा फोटोही. आणि हे फक्त शोधासाठी नाही, कागदोपत्री मालक तुम्ही असाल तर त्या गाडीने अपघात केल्यावर भरपाईची जबाबदारी तुमच्या घरावर येऊ शकते, म्हणून गाडी सापडो न सापडो, हे निस्तराच.

संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडीच्या नोंदीसाठी लेखी अर्ज द्या, बाबा नसतील तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा सोबत ठेवा. माहिती अधिकारात आताच्या मालकाचा पत्ता मिळेल या भरवशावर राहू नका, खाजगी माहिती म्हणून नाकारतात. 'काढून देतो' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

गाडीचा पत्ता लागला की टॉर्च, रॉकेल, फडकं, वायर ब्रश. बहुतेक बाईकवर नंबर हँडलखाली फ्रेमच्या हेडपाशी असतो, वर रंगाचे थर आणि ग्रीस. हळू साफ करा, आकडे घासले जाता कामा नयेत. एकेक आकडा चिठ्ठीशी जुळवा, मोठ्याने वाचा, दुसऱ्याला लिहायला लावा. आकड्यांभोवती ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील, आकडे वाकडेतिकडे ठोकलेले असतील तर हात लावू नका, कितीही आपली वाटली तरी. गाडी दिसल्यावर डोळे भरून येतात, आमचेही आले, पण नंबर जुळेपर्यंत किमतीचं बोलू नका. आताच्या मालकाला फोटो दाखवा, खरं सांगा, त्यानेही ती सांभाळलेली असते.

पुढचं पटापट. विकत घेऊन ट्रान्सफर करायची तर फॉर्म २९, ३०, वारसाहक्काने नावावर करायची तर ३१, परराज्यातून आणायची तर २८ म्हणजे एनओसी. रजिस्ट्रेशन नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवीन हाय सिक्युरिटी प्लेट. पन्नास वर्षांवरची असेल तर विंटेज नोंदणी होते, पण मग रोज चालवता येत नाही. टेम्पो आणि दोर आधीच ठरवून ठेवा, आणि कुठल्याही फॉर्मवर सही करण्याआधी त्यावरचा चासी नंबर फ्रेमवरच्या नंबराशी परत एकदा ताडून बघा.